टंचाईच्या काळातलं रानअन्न: मालव्यात काय ओळखावं, काय टाळावं, कसं शिजवावं

वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या दिवसांत कारकून, म्हातारी माणसं आणि मुलं यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावातही सगळं धान्याचं पीठ नव्हतं. बर्फ वितळल्यावर, १९४२ च्या वसंतात, तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी खाण्याजोग्या रानवनस्पतींची माहिती छापून लोकांपर्यंत पोचवली. लोक बागा, मोकळी मैदानं आणि रस्त्याकडेची माती धुंडाळू लागले. तिथे ‘लेबेदा’ या नावाखाली जे खाल्लं गेलं, त्यात आपला चाकवत आणि त्याची भावंडं होती. इंदुरात तोच चाकवत थंडीत राजकुमार मंडीत बथुआ म्हणून जुडीने मिळतो.

बोस्नियातल्या सारायेवोच्या वेढ्यात (१९९२ ते १९९६) वनस्पतिशास्त्रज्ञ सुलेमान रेजिच यांनी हेच काम केलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लोकांनी कलमीचा पाला, अळू आणि कुमुदाचे कंद खाऊन दिवस काढायचा प्रयत्न केला. ब्रह्मदेश १९४२ मध्ये जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला, हे त्या दुष्काळामागचं एक कारण होतं. आपल्याकडे संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, ‘छप्पनिया काळ’ मालवा-गुजरातेत आजही नावाने ओळखला जातो. युद्ध असो वा अवर्षण, रानातलं अन्न वापरण्याची रीत तीच असते. झाडाचा कोणता भाग घ्यायचा, किती कोवळा घ्यायचा, कोणतं पाणी फेकायचं आणि किती खाल्ल्यावर थांबायचं, हे सगळं नेमकं ठाऊक असावं लागतं. यातली एक पायरी चुकली तरी खाण्याजोगं झाडही अपाय करतं.

पुढची माहिती इंदूर, महू, चोरल, मानपूर या पट्ट्यातल्या काळ्या मातीचा आणि डोंगरउताराचा विचार करून दिली आहे.

आधी उष्मांकांचा हिशोब

रानभाजी पोट भरते, पण भूक भागवत नाही. शंभर ग्रॅम पालेभाजीत साधारण ३० ते ४५ किलोकॅलरी असतात. म्हणजे एक किलो निवडलेला पाला खाल्ला तरी ३०० ते ४५० किलोकॅलरी मिळतात, आणि एक किलो पाला पचवणं उपाशी माणसाच्या आतड्याला झेपत नाही. पोट फुगतं, जुलाब लागतात आणि जुलाबात उरलीसुरली ताकदही जाते. दुष्काळात भुकेच्या जोडीने हगवणीने माणसं दगावतात, त्याला दूषित पाणी आणि असलं अर्धंकच्चं चोथ्याचं अन्न, दोन्ही कारणीभूत असतात.

म्हणून रानअन्नाचे तीन वेगळे गट करावेत. पाला जीवनसत्त्वं आणि क्षारांसाठी: माणशी दिवसाला २०० ग्रॅम, निवडल्यावर. कंद, फुलं आणि बिया उष्मांकांसाठी. आंबट फळं ‘क’ जीवनसत्त्वासाठी. ज्वारी, मका, गहू, जे काही थोडं धान्य हाताशी असेल ते या तिन्हींच्या मध्ये असायला हवं. टंचाईत पीठ वाढवण्यासाठी पाला मिसळायचा झाला तर पिठाच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत उकडून पिळलेला पाला चालतो. त्यापुढे भाकरी थापली जात नाही, तव्यावर फुटते आणि आतून कच्ची राहते.

कुठून तोडायचं नाही

ओळख शिकण्याआधी जागा शिकावी. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठची कोणतीही भाजी घेऊ नये, ती कितीही हिरवीगार दिसली तरी. तिथे शहराचं सांडपाणी मिसळतं आणि तो घाणीचा अंश धुऊन निघत नाही. पीथमपूरच्या बाजूचे कारखान्यांजवळचे नाले, रेल्वेरुळांच्या कडा (तणनाशक मारलेलं असतं) आणि मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची पहिली दहा-पंधरा मीटर जागा यांनाही हाच नियम.

सोयाबीनची शेतं हा मालव्याचा खास धोका. पेरणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत तणनाशक फवारतात, आणि ज्या टाकळ्या-घोळीच्या मागे आपण असतो तेच त्या फवाऱ्याचं लक्ष्य असतं. फवारलेलं झाड लगेच मरत नाही. दोन-चार दिवस ताजंतवानं दिसतं. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधाच्या आत हात घालू नये. उकिरड्यावर उगवलेला पालाही टाळावा. तिथे नत्र फार असतं आणि पाल्यात नायट्रेट साठतं. अशी भाजी शिजवून रात्रभर ठेवली की त्याचं नायट्राइट होतं. ते लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करतं. म्हणून पालेभाजी त्या-त्या वेळी शिजवून संपवावी आणि शिळी भाजी बाळांना अजिबात देऊ नये.

राळामंडल हे अभयारण्य आहे. तिथून पानही तोडायचं नाही. चोरल-मानपूरच्या जंगलातलं काही घ्यायचं तर वनखात्याचे नियम आणि गावकऱ्यांचा हक्क आधी समजून घ्यावा. मोहाच्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांचा हक्क असतो.

तोडताना प्रत्येक जातीला वेगळी कापडी पिशवी. एकाच पिशवीत सगळं कोंबलं की घरी निवडताना कोवळी पानं एकमेकांत मिसळतात आणि नको ते पान भाजीत जातं.

अनोळखी वनस्पती थोडी जिभेला लावून, थोडी गिळून, काही तास वाट बघून ठरवायची, असा सल्ला सैनिकी धाटणीच्या माहितीत सापडतो. हा सल्ला पाळू नये. कळलावी या रानवेलीचं विष पोटात गेल्यावर काही तास काहीच कळत नाही आणि लक्षणं दिसू लागतात तोवर उशीर झालेला असतो. ओळख पटली नाही तर ती वनस्पती आपल्यासाठी नाही, एवढंच धरावं.

चाकवत

गव्हा-हरभऱ्याच्या शेतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पान बदकाच्या पायासारखं, कडा ओबडधोबड दातेरी, आणि कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूला पिठूळ पांढरी भुकटी. बोटाने घासली की ती बोटाला लागते. ही खूण नसेल तर घेऊ नये. उग्र वास येणारं, याच आकाराचं दुसरं तण मिळालं तर तेही सोडून द्यावं.

चाकवतात ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं. ते पाण्यात विरघळतं आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. रोज भरपूर चाकवत आणि जोडीला दूध-ताक काहीच नाही, अशा आहारात शरीराचं कॅल्शियम वाया जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मुतखडा झालेल्यांनी चाकवत, घोळ आणि तांदुळजा तिन्ही बेताने खावेत.

चार माणसांसाठी रीत अशी:

१. एक किलो जुडी घ्या. जाड देठ काढून पानं आणि शेंडे ठेवा. साधारण सहाशे-सातशे ग्रॅम उरतात. तीन पाण्यांतून धुवा, कारण काळ्या मातीचे कण पानाच्या भुकटीत चिकटून बसतात.

२. तीन-चार लिटर पाणी खळखळ उकळू द्या. पाला त्यात बुडवा, झाकण न ठेवता तीन मिनिटं उकळा. पाणी कमी घेतलं तर आम्ल पुन्हा पाल्यातच राहतं. बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

३. चाळणीत ओता, गार करा आणि मुठीत दाबून पिळा. हे पाणी आमटीत वापरू नये.

४. पाऊण वाटी शिजवलेली हरभरा डाळ, मूठभर शेंगदाणे, दोन चमचे बेसन आणि दोन वाट्या ताक घालून घोटा, मंद आचेवर उकळी आणा, वरून लसूण-मिरचीची फोडणी द्या.

ताकातला चाकवत करण्याची आपली जुनी रीत शास्त्रालाही धरून आहे. ताकातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झॅलिक आम्लाला भांड्यातच बांधतं. मग ते आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. टंचाईत ताक मिळालं नाही तर भाजी धान्याबरोबर खावी, पण आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा जास्त नको.

चाकवताचं बी हाही दुष्काळातला आधार होता. १८९१-९२ च्या रशियातल्या दुष्काळात लेबेदाच्या बियांचं पीठ मिसळून पाव केले गेले. काळे, कडवट, आणि जास्त खाल्ले तर उलट्या होणारे. बियांच्या सालीत फेस आणणारं सॅपोनिन असतं, त्याचा हा परिणाम. बी वापरायचंच असेल तर रात्रभर भिजवा, सकाळी तळव्यांत चोळा, फेस येणं थांबेपर्यंत पाणी बदला, उन्हात खडखडीत वाळवा, भाजून दळा. ज्वारीच्या पिठात पाचव्या भागाहून जास्त मिसळू नये.

घोळ आणि तांदुळजा

घोळ, बाजारातली लूणी किंवा कुल्फा, पाऊस सुरू झाल्यावर कुंड्यांतसुद्धा येते. देठ लालसर आणि मांसल, पान जाड, गुळगुळीत, चमच्याच्या आकाराचं. तिच्याच शेजारी जमिनीला चिकटून दुधी (भोपळा नव्हे, चिकाचं तण) वाढते आणि घाईत ती घोळीत येते. फांदी मोडून बघावी. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, सगळी जुडी पुन्हा निवडावी. घोळ रात्री आम्ल साठवते, त्यामुळे पहाटे तोडलेली जास्त आंबट लागते. दुपारनंतर तोडलेली सौम्य असते. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, पाणी फेकून मुगाच्या डाळीत.

तांदुळजा, म्हणजे चौलाई, सगळ्यांना ठाऊक आहे. काटेरी जातीचीही कोवळी पानं चालतात. उकडण्याची रीत चाकवतासारखीच.

टाकळा, आणि कासुंदा नव्हे

पहिल्या दोन पावसांनंतर मालव्यात सगळ्यात आधी वर येणारा पाला टाकळ्याचा. इथे त्याला पुवाड म्हणतात. जुलैच्या सुरुवातीला, मंडीतल्या भाज्या महाग झालेल्या असताना, माळावर टाकळ्याचा गालिचा असतो. म्हणून टंचाईत याचं मोल मोठं. पण याच्याच कुळातला कासुंदा याच माळावर उगवतो आणि त्याच्या बियांनी माणसं दगावली आहेत. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींना धरणारा जो जीवघेणा आजार होत असे, त्याचं कारण कासुंद्याच्या शेंगा खाणं हे आहे, असं डॉक्टरांनी दाखवून दिलं. म्हणून हा फरक तोंडपाठ हवा.

टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या. पान टोकाकडे रुंद आणि गोल, देठाकडे निमुळतं. संध्याकाळी जोड्या मिटतात. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वळलेली.

कासुंद्याच्या देठावर चार-पाच जोड्या. पानाचं टोक अणकुचीदार. शेंग चपटी, वर वळलेली. वासावर भरवसा ठेवू नये, कारण चुरगळल्यावर टाकळाही उग्र वास देतोच. जोड्या मोजाव्यात, टोक बघावं.

फक्त वीतभर उंचीची, फुलं न आलेली रोपं घ्यावीत. श्रावण उलटला की पान जून, कडू आणि जुलाब लावणारं होतं. या कुळात आतडं चाळवणारी द्रव्यं असतात. पाव किलो कोवळी पानं बारीक चिरून दीड-दोन लिटर उकळत्या पाण्यात चार मिनिटं, गाळून पिळून, मग तेलात भरपूर लसूण, कांदा, भिजवलेली मूगडाळ अर्धी वाटी, आणि शेवटी ओलं खोबरं असेल तर तेही. आठवड्यातून दोनदा बस्स. गरोदर बाईला देऊ नये.

युद्धकाळात युरोपभर चिकोरी, डँडेलियनची मुळं, ओकची फळं भाजून कॉफीऐवजी पीत. टाकळ्याच्या बियाही अशा भाजून वापरल्या जातात. इंदूरच्या माळावर ते करू नये, कारण वाळलेल्या झाडावरून झोडपलेल्या बियांत कासुंदा मिसळला तर तो वेगळा काढणं घरच्या माणसाला जमत नाही.

मोह: उष्मांकांचा खरा साठा

धार, झाबुआ, अलीराजपूरकडच्या भिल-भिलाला घरांना मोहाच्या फुलांनी कितीतरी वाईट वर्षं तारून नेलं आहे. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. प्रथिनं मात्र नावाला. म्हणून मोह नेहमी डाळीबरोबर किंवा तिळाबरोबर खातात, आणि ती रीत सोडू नये.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. झाडाखाली जुनं धोतर किंवा जाळी अंथरावी. पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची सवय वाईट आहे. वणवे त्यातूनच लागतात आणि मोहाची लहान रोपं मरतात.

१. ऊन चढण्याआधी फुलं वेचा. चिरडलेली, तपकिरी पडलेली वेगळी काढा. ती आंबायला लागलेली असतात आणि सगळ्या ढिगाला आंबवतात.

२. एका थरात, स्वच्छ कापडावर, कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा. संध्याकाळी झाकून आत घ्या. साधारण पाच किलो ताज्या फुलांची एक किलो वाळलेली होतात.

३. वाळली की हलक्या हाताने कुटून आतले केसर पाखडून टाका. केसर राहिले तर कडवट लागतात आणि घशात टोचतात.

४. डब्यात भरण्याआधी मुठीत दाबून बघा. गोळा झाला आणि सुटला नाही, तर ओल आहे. अशी फुलं पावसाळ्यात बुरशी धरतात. कडुलिंबाची वाळलेली पानं वर ठेवून झाकण घट्ट लावा.

खाण्यासाठी २५० ग्रॅम फुलं कोमट पाण्याने पटकन धुऊन निथळवा, जाड तव्यावर मंद आचेवर चिकटपणा येईपर्यंत भाजा. शंभर ग्रॅम भाजलेले तीळ आणि शंभर ग्रॅम भाजलेली चणाडाळ घालून उखळीत कुटा. लाडूएवढे गोळे होतात. एका मोठ्या माणसाने दिवसाला ५० ते ६० ग्रॅम फुलांपर्यंत खावं. नुसती फुलं पोटभर खाल्ली की डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं.

कंद

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्नवाहतूक अडवल्यावर, पश्चिमेकडच्या शहरांत वीस हजारांहून अधिक माणसं मेली. बटाटे संपले तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. ते खाता आले, कारण कृती नेमकी सांगितली गेली होती: वरचं तपकिरी साल काढायचं, कंद उभा चिरायचा, आतला पिवळसर कोंब पूर्ण काढून टाकायचा, मग उकडायचं किंवा वाळवून पीठ करायचं. कोंब राहिला तर त्रास होई. हे कंद बटाट्याहून लवकर शिजत, आणि इंधन संपलेल्या शहरात ते फार महत्त्वाचं होतं. आज बाजारात लावण्यासाठी मिळणाऱ्या कंदांवर बुरशीनाशक असतं, त्यामुळे ते खाण्याचा विचारही करू नये.

त्याच देशात डॅफोडिलचेही कंद होते, दिसायला जवळपास तसेच, आणि ते विषारी. त्यातलं लायकोरीन हे विष शिजवून जात नाही. इंदूरच्या बागांतली पावसाळी लिली आणि नागदवणा त्याच कुळातली आहेत आणि त्यांच्या कंदांतही लायकोरीन असतं. कांद्यासारखा दिसणारा, पण कांद्याचा वास नसणारा कोणताही कंद घेऊ नये. डोंगरउतारावरचा रानकांदा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतो. कळलावीचा कंद बोटभर जाड, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वळलेला. कोनफळाच्या लहान तुकड्याशी गल्लत होते. पावसात वेलीवर लाल-पिवळी, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची फुलं आणि पानाच्या टोकाला वळलेला ताणा दिसला की ती जागा लक्षात ठेवावी आणि तिथून वर्षभर कोणताच कंद खणू नये. कंद नेहमी वेल जिवंत आणि पानं शाबूत असताना ओळखावा. नुसता खणून काढलेला कंद ओळखल्याचा दावा कोणी केला तरी मानू नये.

खाण्याजोग्यांत रानसुरण पहिला. मंडीतल्या सुरणापेक्षा तो फार खाजरा. खाज येते ती पेशींतल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे. या सुया पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं भिजवून भागत नाही. सुयांबरोबर असलेली त्रासदायक प्रथिनं उष्णतेने निकामी होतात; म्हणून लांब शिजवणं हाच खरा उपाय, आणि चिंच त्याला मदत करते.

हाताला तेल लावून साल जाड काढा, अर्धा इंच. एक सेंटिमीटर जाडीचे काप करा. एक किलो कापांना पन्नास ग्रॅम चिंचेचं पाणी आणि मूठभर मीठ, रात्रभर. सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात वीस मिनिटं उकळा, तेही फेका. तिसऱ्या पाण्यात पुन्हा थोडी चिंच घालून चाळीस मिनिटं, काप बोटाने चुरगळेपर्यंत. मग कापाच्या मधोमधचा तांदळाएवढा तुकडा ओठाच्या आत लावून पाच मिनिटं थांबा. चुरचुरलं तर अजून अर्धा तास शिजवा. काप जाड ठेवले की कडा शिजतात आणि गाभा कच्चा राहतो. पहिला घास बरा लागतो आणि तिसऱ्याला घसा सुजतो. अळूचे कंद आणि देठ यांनाही हेच लागू. ओठाची ही परीक्षा फक्त ओळख पक्की असलेल्या सुरण-अळूसाठी आहे, दुसऱ्या कशासाठीही नाही.

कडू करांदा वेलीवर, पानांच्या बेचक्यात, बटाट्यासारखा लटकतो. रानातली जात कडू असते आणि तो कडवटपणा यकृताला इजा करतो. पातळ काप, राखेचं पाणी, वारंवार बदललेल्या पाण्यात उकळणं, असं करून आदिवासी घरं तो खातात. दोन-चार उकळ्यांनंतरही कडू लागला तर फेकून द्यावा. मसाल्याने कडवटपणा झाकू नये, कारण तो झाकला की धोक्याची खूणच नाहीशी होते. पूर्वेकडच्या जंगलातली बैचांदी (हाही एक रानकंद) त्याहून जहाल आहे. तिचं विष झटके आणतं आणि ते काढायला काप वाहत्या पाण्यात कितीतरी काळ ठेवावे लागतात. तयार, वाळलेली बैचांदी उपासाला मिळते ती घ्यावी. कच्ची घरी आणू नये.

कुमुदाचे कंद आणि कलमीचा पाला पाण्यातले. बंगालसारखं तळ्यांचं वैभव इथे नाही, आणि शहरातली तळी स्वच्छ नाहीत. गावच्या स्वच्छ तळ्यातले असले तरी पूर्ण शिजवूनच खावेत. पाणवनस्पतींवर जंताची सूक्ष्म पिल्लं चिकटलेली असतात.

लाख डाळ

दुष्काळात तग धरणारं, कमी पाण्यात येणारं, प्रथिनांनी भरलेलं हे कडधान्य. मध्य प्रदेशात तिवडा किंवा खेसारी. आणि हेच पाय कायमचे लुळे करतं. नेपोलियनच्या सैन्याशी चाललेल्या युद्धात १८११-१२ च्या उपासमारीत माद्रिदची माणसं याच पिठावर जगली. सागर भागात १८२९ नंतरच्या पीकबुडीच्या वर्षांत तरुण माणसं लंगडी झाल्याची नोंद इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमन यांनी केली. १९४२-४३ च्या हिवाळ्यात वाप्न्यार्का (आजच्या युक्रेनमध्ये) इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना गुरांचा हा दाणा खायला दिला गेला. शेकडो कैद्यांचे पाय गेले. त्यातल्याच डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं.

आहाराचा तिसरा भाग किंवा जास्त लाख, सलग दोन-तीन महिने, आणि सोबत दुसरं धान्य नाही, अशा वेळी हा रोग होतो. आधी पोटऱ्या ताठरतात, मग चवड्यांवर चालावं लागतं. औषधाने पाय परत येत नाहीत.

नाइलाजाने खायचीच वेळ आली तर डाळीच्या चौपट उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा, दोन तासांनी पाणी फेका, पुन्हा तसंच करा, तिसऱ्या पाण्यात शिजवून तेही पाणी टाका. विष बरंचसं निघतं, सगळं नाही. ज्वारी-गहू जास्त, लाख चौथ्या भागाहून कमी, आणि पंधरा दिवस खाऊन पंधरा दिवस बंद. पोटऱ्यांत गोळे आले तर त्याच दिवशी कायमची बंद. सुटी तूरडाळ घेतानाही दाणे तळहातावर पसरून बघावेत. तुरीची डाळ एका बाजूने गोल असते. लाखेचा दाणा पाचरीसारखा, कोन असलेला.

आंबट फळं आणि सुरजन्याचा पाला

लेनिनग्राडने पाइनच्या सुयांचा अर्क प्यायला, ब्रिटनने १९४१ पासून रानगुलाबाची फळं गोळा करून मुलांसाठी सिरप केलं, आणि हिस्सारच्या १९३९-४० च्या दुष्काळात स्कर्व्हीवर आवळा वापरला गेला. आपल्याला आवळाच पुरे. एक किलो आवळे किसून पन्नास ग्रॅम मीठ चोळून सावलीत वाळवावेत. उन्हात वाळवले की जीवनसत्त्व जास्त जातं. दिवसाला चिमूटभर नव्हे, लहान चमचाभर.

सुरजना, म्हणजे शेवगा, इंदूरच्या जुन्या वाड्यांत आणि वसाहतींत भरपूर. पाला सावलीत तीन-चार दिवस, हातात चुरा होईपर्यंत, चाळून पूड. माणशी एक मोठा चमचा, आमटी उतरवल्यावर घालावी. मुळं मात्र खाऊ नयेत.

काही बिघडलं तर

रानअन्न खाल्ल्यावर ओठ-घसा सुजणं, सलग उलट्या, रक्ताचे जुलाब, बाहुल्या मोठ्या होणं, बडबड, ठोके अनियमित होणं किंवा झटके, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उतारा करत बसू नये. मीठपाणी पाजून किंवा बोट घालून उलटी करवू नये. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या श्वासनलिकेत ती जाते. इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्यावं. ज्यांनी तेच खाल्लं आहे त्यांना, त्रास नसला तरी, सोबत न्यावं. शिजवलेल्या भाजीचा उरलेला भाग डब्यात घ्यावा. त्याच जागेवरचं ताजं झाड मुळासकट, पानं-फुलं-शेंगांसह उपटून कागदात गुंडाळून न्यावं, प्लास्टिकमध्ये नको, ते कुजतं. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं आणि पहिला त्रास किती वाजता सुरू झाला, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावं.